फुंकर मारली की चालतं

"मॅडम, कार्ड बाहेर काढायचं, फुंकर मारायची, परत घालायचं. चालतं."

भोसरीच्या एका छोट्या कंपनीतल्या सर्व्हिस इंजिनिअरने फोनवर हे सांगितलं तेव्हा जुलै होता. कर्वेनगरात सकाळपासून संततधार लागलेली, आणि मी गॅसवर दूध ठेवून फोन घेतलेला. दूध उतू गेलं. विषयही दुधाचाच होता. त्यांची कंपनी दूध संकलन केंद्रांवर बसवायची पेटी बनवते. शेतकऱ्याने आणलेल्या दुधाचं वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) अशा नोंदी ती पेटी मायक्रोएसडी कार्डावर लिहिते. जुन्नर-आंबेगावकडच्या केंद्रांवर पाऊस सुरू झाल्यापासून ते कार्ड मधूनच दिसेनासं व्हायचं. पेटी चालू, पडदा चालू, पण कार्ड नाही. मग केंद्रावरचे काका फोन करायचे, आणि हा मुलगा त्यांना फुंकरीचा उपाय सांगायचा.

माझा नंबर त्याला कोणाच्या तरी ओळखीतून मिळाला होता. पुण्यात असं होतंच. "कर्नलमधला तो ड्रायव्हर तुम्हीच बघता ना?" असं त्याने विचारलं आणि मला नाही म्हणता येईना, कारण ते खरं होतं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एसडी कार्डाचं आणि त्याच्या सख्ख्या भावाचं, म्हणजे बोर्डावर कायमचं बसवलेल्या ईएमएमसीचं, काम एमएमसी नावाच्या विभागात चालतं. तिथे एक कोअर आहे. कार्डाशी कोणत्या क्रमाने काय बोलायचं हे त्याला माहीत असतं. आणि होस्ट ड्रायव्हर आहेत, जे तेच बोलणं अमुक एका चिपमधल्या कंट्रोलरच्या रजिस्टरांत उतरवतात. कोअर एकच, होस्ट ड्रायव्हर डझनांनी. त्यांतला एक, जेमतेम दोन हजार ओळींचा, माझ्याकडे आहे. माझ्याकडे आहे म्हणजे 'मेंटेनर्स' नावाच्या फायलीत त्या ड्रायव्हरच्या नोंदीत माझं नाव आणि मेलचा पत्ता आहे. त्याच नोंदीत स्थितीचीही एक ओळ असते. 'सपोर्टेड' म्हणजे हे काम बघायला कोणीतरी पगार देतं. 'मेंटेन्ड' म्हणजे कोणीतरी बघतं, एवढंच. ती चिप वापरणारी नोकरी मी सोडली तेव्हा एक पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवून पहिला शब्द काढला आणि दुसरा घातला. नवऱ्याने विचारलं, "म्हणजे आता फुकट?" म्हटलं, हो, पण अधिकृतपणे फुकट.

लोकांना वाटतं, ड्रायव्हर सांभाळायचा म्हणजे सतत कोड लिहायचा. मी वर्षाकाठी फार तर दोनशे ओळी लिहीत असेन. बाकी सगळं वाचन. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे नवा माल आत घेतात आणि मग दर रविवारी एक चाचणी-आवृत्ती निघते. आपल्याकडे ती सोमवारी सकाळी हातात पडते. सोमवारी ऑफिसला निघण्याआधी मी ती चार बोर्डांवर चढवते आणि संध्याकाळी आल्यावर लॉग बघते. पॅच येतात ते बहुतेक आडवाटेने. कोणीतरी सगळ्या कर्नलमध्ये एका जुन्या फंक्शनचं रूप बदलत चाललेला असतो आणि त्याच्या वाटेत माझा ड्रायव्हर येतो. २०२३ मध्ये ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनाने काहीही परत करायचं नाही असं ठरलं, तेव्हा असाच एक पॅच आला. दोन ओळी वाचायच्या, चालवून बघायचं, 'रिव्ह्यूड-बाय' लिहून आपलं नाव द्यायचं. कंटाळवाणं असतं. मला आवडतं. निवडलेले तांदूळ पुन्हा एकदा निवडण्यासारखं काम आहे ते. खडा मिळत नाही बहुतेक वेळा, पण हात थांबवता येत नाही.

खरी इस्टेट म्हणजे कार्डं. मुलाच्या जुन्या कंपासपेटीत माझ्याकडे तेव्हा ६३ कार्डं होती, प्रत्येकावर मार्करने नंबर. १ नंबरचं २ जीबीचं आहे, जुन्या पिढीचं. त्या पिढीत माहिती कार्डात कुठे आहे तो पत्ता बाइटमध्ये सांगायचा. त्यानंतरच्या एसडीएचसी कार्डांना तोच पत्ता ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत सांगावा लागतो. हा फरक विसरून लिहिलेला एक पॅच १ नंबरने माझ्यासमोर पकडला आहे, म्हणून त्या कार्डाला पेन्शन नाही. १७ आणि १८ नंबर बनावट आहेत. अंगावर ६४ जीबी छापलेलं, आत ८. फुटपाथवर घेतले होते, मुद्दाम. बनावट कार्ड भरत आलं की खोटं बोलायला लागतं, आणि ड्रायव्हर आणि कार्ड यांतलं खोटं कोण बोलतंय हे ओळखायची सवय असावी लागते.

तर तो फोन. मी नेहमीचं उत्तर दिलं: लॉग पाठवा.

लॉग आला. 'एमएमसी१: एरर -११० व्हाइल्स्ट इनिशियलायझिंग एसडी कार्ड', चार वेळा. (कर्नलमधला तो 'व्हाइल्स्ट' मला फार आवडतो. कोणा जुन्या वळणाच्या हेडमास्तरने लिहिल्यासारखा वाटतो.) -११० म्हणजे वाट बघून कंटाळलो, उत्तरच आलं नाही. चार वेळा का, तर कोअर नव्या कार्डाशी आधी ४०० किलोहर्ट्झला बोलून बघतं. जमलं नाही तर वीज बंद करून, पुन्हा चालू करून ३००ला, मग २००ला, मग १००ला. म्हातारीशी बोलताना आपण हळू बोलत जातो तसं. चारही वेळा कार्ड गप्प.

मी उत्तर लिहिलं की सॉकेट तपासा, बहुधा दमट हवेने संपर्क बिघडत असेल. फुंकर मारून चालतं म्हटल्यावर कोणीही हेच म्हणालं असतं. खरं सांगायचं तर मला ते प्रकरण टाळायचं होतं. त्याने चिकाटीने परत फोन केला. "मॅडम, सॉकेट बदलून झालं. तीन केंद्रांवर. आणि एक गोष्ट, लाईट पूर्ण गेली तर काही होत नाही. नुसती डोळा मारून गेली की होतं."

हे वाक्य त्याने पहिल्याच फोनवर सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते. कदाचित सांगितलंही असेल, मी दुधाकडे बघत होते.

एसडी कार्ड जागं होतं तेव्हा ते ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर बोलतं. वेग वाढवायचा असेल, म्हणजे २०८ मेगाहर्ट्झपर्यंत न्यायचा, सेकंदाला १०४ मेगाबाइटची वाट मोकळी करायची, तर कार्ड आणि कंट्रोलर आपसात ठरवून १.८ व्होल्टवर उतरतात. उतरायला कमांड आहे. परत चढायला कमांड नाही. शून्य नंबरची रीसेट कमांड देऊनही कार्ड १.८ वरून हलत नाही. त्याला ३.३ वर आणायचा एकच मार्ग, वीज तोडणे. आणि वीज तोडणे म्हणजे काय तेही एसडीच्या नियमपुस्तकात लिहून ठेवलंय: व्होल्टेज ०.५ च्या खाली जायला हवं आणि किमान एक मिलिसेकंद खालीच राहायला हवं.

आता केंद्रावरचं चित्र बघा. लाईट डोळा मिचकावते. प्रोसेसर घाबरून रीसेट होतो. कार्डाच्या शेजारचा गुटगुटीत कपॅसिटर मात्र पोटातली वीज पुरवून पुरवून कार्डाला देतो, त्यामुळे कार्डाला लाईट गेल्याचं कळतच नाही. ते १.८ वर बसलेलं असतं. कर्नल नव्याने उठतो आणि ३.३ वर हाका मारतो. एक जण तळमजल्यावरून ओरडतोय, दुसऱ्याचं दार बंद. काकांनी कार्ड उपसलं की त्याची वीज खरोखर तुटते, परत घातलं की ते ३.३ वर जागं होतं, सगळं सुरळीत. श्रेय फुंकरीला.

तर्क जुळला, पण तर्कावर पॅच पाठवता येत नाही. दोष घरी घडवून आणायला हवा होता, आणि तो घडेना. त्या मुलाने मला त्यांची एक पेटी आणून दिली. मी रीबूट केलं, शंभरदा, एकदाही नाही. प्लग काढून घातला, नाही. साहजिक आहे, माणसाचा हात सेकंदाच्या आत प्लग काढून घालू शकत नाही आणि सेकंदभरात कपॅसिटर रिकामा होतो. शेवटी शनिवारी बुधवार पेठेत गेले. तापकीर गल्लीत छत्र्यांच्या काड्या चुकवत एक रिलेचं बोर्ड घेतलं आणि एका ओळखीच्या दुकानात सेकंडहँड ऑसिलोस्कोप बघून ठेवला होता, तोही उचलला. दुकानदाराने विचारलं, "काय रिपेअर करताय ताई?" म्हटलं, दूध डेअरी. त्याने पुढे विचारलं नाही.

इस्त्रीच्या टेबलावर मांडामांड केली. रिले १२ व्होल्टच्या वायरीत बसवला आणि तो ५० मिलिसेकंदांपासून सेकंदापर्यंत वेगवेगळ्या वेळेसाठी वीज तोडेल असा छोटा प्रोग्राम लिहिला. ५० ला पेटीला पत्ताच लागला नाही. १०० ला नाही. १८० ला प्रोसेसर रीसेट झाला आणि लॉगमध्ये आमचे हेडमास्तर प्रकटले. १८० ते ३०० हा पट्टा. ४०० च्या पुढे पुन्हा सगळं ठीक. एवढ्याशा फटीत महिनाभराची तक्रार बसली होती.

स्कोपचा प्रोब कार्डाच्या विजेवर लावला तर पडद्यावर ३.३ ची सरळ रेघ आणि तिच्यात चार बारके खळगे. कोअरचे चार प्रयत्न. प्रत्येक वेळी वीज बंद, दोन-तीन मिलिसेकंद थांबून चालू, आणि तेवढ्यात व्होल्टेज जेमतेम तीनपर्यंत उतरलेलं. अर्ध्या व्होल्टच्या खाली जायला त्या कपॅसिटरला ७० मिलिसेकंद लागत होते.

मी खूश. कोअरमध्ये वीज बंद-चालू करणारं फंक्शन उघडलं. त्यात मधे एक मिलिसेकंद थांबायची ओळ आहे, वर नियमपुस्तकाचा हवाला देणारी टीप. तिथे १ च्या जागी १०० केलं, बांधलं, चढवलं, रिले लावला. कार्ड दुसऱ्या प्रयत्नाला उठलं. कमिटचा, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीचा, मजकूर नीट लिहिला, चेकपॅच हा तपासणीचा प्रोग्राम चालवला, सही केली, पाठवून दिला आणि रात्री साडेअकराला वरणभात खाल्ला.

दोन दिवसांनी कोअर सांभाळणाऱ्यांकडून नकार आला. सभ्य, चार ओळींचा. नियमातला एक मिलिसेकंद हा ०.५ च्या खाली गेल्यानंतरचा. तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागतो हा प्रत्येक बोर्डाचा प्रश्न. तो वेळ त्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये रेग्युलेटरपाशी, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागाच्या नोंदीत, लिहायची सोय आहे. तुमच्या एका कपॅसिटरसाठी जगातल्या प्रत्येक यंत्राने का थांबायचं?

कान लाल झाले. नकारामुळे नव्हे. मे महिन्यात एका विद्यार्थ्याने माझ्या ड्रायव्हरमध्ये दहा मिलिसेकंदांची झोप घालणारा पॅच पाठवला होता आणि मी त्याला जवळजवळ याच शब्दांत परत पाठवलं होतं. माझं उत्तर तर चार ओळींचंही नव्हतं.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय कुठे जोडलंय याचं कर्नलला दिलेलं वर्णन. त्या रेग्युलेटरच्या नोंदीत एक ओळ घातली: बंद केल्यावर पुन्हा चालू करण्याआधी १,००,००० मायक्रोसेकंद थांब. कोअरमधला माझा बदल काढून टाकला. रिले लावला.

दहात तीन वेळा कार्ड गप्पच.

हे अपेक्षित नव्हतं. स्कोपवर बघितलं तर खळगा आता खोल होता. रेघ झपकन खाली येत होती, दोनवर, दीडवर, एकवर, आणि ०.९ च्या आसपास आडवी व्हायची. शंभर मिलिसेकंद सरेपर्यंत तशीच. वीज बंद आहे, कपॅसिटर रिकामा झालाय, मग हे ०.९ व्होल्ट कुठून येतात? मी प्रोब बदलला. जमिनीची क्लिप बदलली. मुलगा शेजारी बसून गणिताचा अभ्यास करत होता. तो म्हणाला, "आई, कोणीतरी मागच्या दाराने आत येतंय." कशावरून म्हणाला कोण जाणे, बहुधा माझा चेहरा बघून गंमत केली. पण तसंच होतं.

कार्डाला वीज एका वायरीतून मिळते आणि सिग्नलच्या वायरी वेगळ्या, कमांडची एक आणि डेटाच्या चार. या सिग्नलच्या वायरी रेझिस्टरने वर ओढून धरलेल्या असतात आणि त्यांची वीज दुसऱ्या रेग्युलेटरकडून येते. कार्डाची मुख्य वीज तोडली पण सिग्नलच्या बाजूची चालू ठेवली, तर ती कार्डाच्या पायांमधून उलटी आत झिरपते. अर्धवट जिवंत कार्ड. म्हणून वीज बंद करताना ड्रायव्हरने दोन्ही रेग्युलेटर सोडायचे असतात. माझा ड्रायव्हर एकच सोडत होता.

म्हणजे बोर्डाचा दोष होताच, पण माझाही होता. दुसरा रेग्युलेटर सोडणारी ओळ कधी गेली ते बघायला गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, इतिहास काढला. २०१७ चा कमिट. लिहिणारी मी. मजकूर: अमुक बोर्डावर एसडी कार्ड बंद होताना ईएमएमसी मरते, म्हणून सिग्नलचा रेग्युलेटर बंद करू नये. एवढंच. का मरते याबद्दल अक्षर नाही.

तेव्हा मूल लहान होतं, रिलीज डोक्यावर होतं, हे सगळं आठवलं. मग लक्षात आलं की तेव्हा काय झालं असणार. त्या जुन्या बोर्डावर एसडी आणि ईएमएमसी दोघांच्या सिग्नलना एकच रेग्युलेटर. खरं तर त्याने बिघडायला नको. सामायिक रेग्युलेटर किती जणांनी धरून ठेवलाय हे कर्नल मोजतो आणि शेवटचा सोडेपर्यंत तो बंद करत नाही. पण त्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये ईएमएमसीने हा रेग्युलेटर धरलाय हे लिहिलेलंच नव्हतं. त्यामुळे एसडीने हात सोडला की मोजणी शून्य, वीज बंद आणि ईएमएमसीवरची सगळी सिस्टिम गारद. एका बोर्डाच्या कागदपत्रांतली चूक मी ड्रायव्हरमध्ये निस्तरली आणि तिचा भार पुढे तो ड्रायव्हर वापरणाऱ्या प्रत्येकावर पडला. मे महिन्यातला तो विद्यार्थी निदान दहा मिलिसेकंदच मागत होता.

दुरुस्ती सोपी होती, सहा ओळी. पण त्या घातल्या की जुना बोर्ड पुन्हा मरणार. 'त्याचा डिव्हाइस ट्री सुधारा' हे उत्तर पुरत नाही. लोक कर्नल नवा चढवतात आणि डिव्हाइस ट्री जुनाच राहू देतात. काल चालत होतं ते आज बंद पडलं तर दोष कर्नलचा, तिथे युक्तिवाद नाही. हा नियम मला एरवी जाचक वाटतो. या वेळी मात्र मी त्याच्या बाजूने होते, कारण तो बोर्ड अजून कोणाच्या तरी कारखान्यात भिंतीवर चालू असणार आणि त्या माणसाला माझं नावही माहीत नसणार.

बोर्ड माळ्यावर होता. गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे, एका पिशवीत, सिरियल केबलसकट. माझ्या सासूबाई दर दिवाळीला विचारतात, हे भंगारात द्यायचं का. त्या दिवशी मी त्यांना बोर्ड दाखवला आणि म्हटलं, आई, बघा, लागला. त्या म्हणाल्या, "नऊ वर्षांत एकदा." उठला बिचारा पहिल्या फटक्यात. नुसत्या सहा ओळींच्या दुरुस्तीसह चढवला आणि एसडी कार्ड उपसलं. सिस्टिम गारद, जशी २०१७ मध्ये झाली असेल तशीच.

मग जे केलं ते सुंदर नाही. ड्रायव्हर सुरू होताना यंत्राचं नाव बघतो आणि ते तो जुना बोर्ड असेल तर सिग्नलचा रेग्युलेटर सोडत नाही. बाकी सगळ्यांसाठी सोडतो. एका बोर्डाचं नाव ड्रायव्हरमध्ये लिहिणं म्हणजे ठिगळ, मान्य आहे. पण या वेळी ठिगळावर सात ओळींची टीप लिहिली: काय होतं, का होतं, कोणत्या डिव्हाइस ट्रीमध्ये काय राहून गेलंय. सोबत दुसरा पॅच, त्या बोर्डाचं वर्णन सुधारणारा. आणि पहिल्या पॅचच्या शेवटी 'फिक्सेस' ही ओळ. ज्या कमिटने बिघाड केला त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक तिथे द्यायचं असतं. ती बारा अक्षरं माझीच.

पहिल्या खेपेला चाचणी करणाऱ्या यंत्रमानवाने इशारा पाठवला की डिव्हाइस ट्री नसलेल्या रचनेत एक चल वापरलाच जात नाही. दुसऱ्या खेपेला एकाने टीपेतलं एक वाक्य संदिग्ध आहे म्हणून सांगितलं, आणि ते होतं. तिसरी खेप पाठवण्याआधी रिले रात्रभर लावून ठेवला, १,००० वेळा वीज तोडायला. टक, टक. पहाटे तीनला नवरा उठून इस्त्रीच्या टेबलाकडे बघत उभा राहिला, काही बोलला नाही, दार लावून घेऊन झोपला. हजारांत एकही नापास नाही. लॉगमध्ये मजा अशी की बऱ्याच वेळा ४०० किलोहर्ट्झला कार्ड गप्पच असतं, मग वीज नीट तुटते आणि ३००ला उठतं. एक चूक खपवून घेऊन दुसऱ्या प्रयत्नात जमतं. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसलं नाही.

तिसरी खेप घेतली गेली. काही आठवड्यांनी ती जुन्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांतही उतरली. भोसरीवाले ६.१ वापरतात, त्यातही. त्यांच्या डिव्हाइस ट्रीमधली ती एक ओळ मी त्या मुलाला फोनवर सांगितली, शून्यं मोजून. पुढच्या बोर्डावर बंद होताना कपॅसिटर स्वतः रिकामा करणारा रेग्युलेटर घ्या असंही सांगितलं. तो म्हणाला, दोन रुपयांचा फरक पडेल, साहेबांना विचारतो.

विद्यार्थ्याला मी मेल लिहिली. त्याच्या बोर्डाचा आराखडा मागितला आणि कुठे काय लिहायचं ते दाखवलं. त्याचा पॅच आता डिव्हाइस ट्रीमध्ये आहे. ड्रायव्हरमध्ये झोप नाही.

सप्टेंबरात भोसरीचा मुलगा घरी आला, पेटी परत न्यायला. केंद्रांवरून फोन यायचे थांबले होते. फक्त मंचरकडच्या एका केंद्रावरचे काका अजूनही रोज सकाळी कार्ड काढून फुंकर मारतात, म्हणाला, सांगून ऐकत नाहीत. त्याने त्यांचंच एक जुनं कार्ड बदलून आणलं होतं, रुमालात गुंडाळून. "तुमच्या कलेक्शनला." मी त्यावर ६४ लिहिलं आणि त्याच रात्री चार बोर्डांवर फिरवलं. तीन बोर्डांवर छान चालतं. चौथ्यावर, वेग वाढवण्याआधी सिग्नल वाचायचा नेमका क्षण शोधतात त्या टप्प्यावर, तीस-चाळीस वेळांत एकदा नापास होतं. एरर -८४, म्हणजे आलेल्या माहितीची बेरीज जुळत नाही. वायर लहान करून बघितली, वीजपुरवठा बदलून बघितला. या शनिवारी स्कोप पुन्हा काढायचा आहे, इस्त्री आटोपली की.